शेवटच्यानं डहाळी उचलायची

आमच्या घुग्घुसच्या ख्रिस्ती मंडळीची पायी यात्रा आखणं म्हणजे लग्न जमवण्याइतकंच जिकिरीचं काम. एकाला सावलीचा रस्ता हवा, दुसऱ्याला चहाचा. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या टेकडीवर मरियामातेचं छोटं देऊळ आहे. उपवासकाळात आम्ही तिथवर चालत जातो. वाट आणि मुक्काम ठरवायचं काम माझ्याकडे, कारण खाणीतल्या पाळ्या सांभाळून सायकल मारत हिंडायची हौस मलाच.

यंदा काळजी होती माझ्या सासूबाईंची, रुखमाबाईंची. गुडघे पार गेलेले. डॉक्टर नको म्हणाले, माझी बायको रिना रडली, पण म्हातारी हटून बसली.

"जवाईबापू, मले गाडीत नका बसवू. यंदा नाई गेली तं मंग कवा जाऊ?"

या बाईवर माझा फार जीव. माझी आई गेल्यावर रात्रपाळीहून आलो की गरम भाकर त्याच वाढायच्या. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी मी जंगलातली जवळची वाट शोधली.

ती दाखवली तिथल्याच गावच्या सुकलूभाऊंनी. एका फाट्यावर थांबून ते म्हणाले, "जो रस्ता आपला नाई, त्याच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकायची, वर दगड ठेवायचा. मांगून येनाऱ्यायले समजते. अन् शेवटच्या मानसानं ते उचलायची."

"अन् नाई उचलली तं?"

सुकलूभाऊंनी मागच्या वाटेकडे पाहिलं. "मंग तुमच्या मांगं... कोनीबी येते."

मी हसलो. आणि शेवटच्या माणसाचा मान सासूबाईंना देऊन टाकला. हळू चालतील, कोणाची लाज वाटणार नाही. माझ्या हुशारीला तोड नाही, असं तेव्हा रिनालाही वाटलं.

यात्रेच्या शेवटच्या दिवशी डहाळ्या टाकत मी सर्वांच्या पुढे होतो. मोहाचा गोड, जड वास; पायाखाली वाळल्या पानांची चरचर. उन्हं कलली तसं मागचं गाणं वाढत गेलं. वाटलं, मंडळी खुशीत आहे.

टेकडीवर पोचून वळून पाहिलं. सगळे आले होते. रुखमाबाई नव्हत्या.

"आईनं मले पुढं हाकललं," रिना म्हणाली. "म्हने, सोबत हाय मले. मले वाटलं, तुमी कोनाले ठेवलं..."

उताराकडे धावलो, तोच झाडांतून त्या बाहेर आल्या. धाप नाही, लंगडणं नाही.

"डहाळ्या उचलल्या?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"मी काऊन उचलू? मी कुठी शेवटची होती? मांगं किती लोक होते... एका बाईनं तं चढावर माह्यं कोपर सोडलंच नाई. हात लय थंड होता बिचारीचा."

त्यांच्या मागची वाट रिकामी होती.

रात्र देवळापाशीच काढून सकाळी सुकलूभाऊंना घेऊन मी डहाळ्या उचलायला गेलो. एकही नव्हती. दगड तेवढे कडेला नीट ठेवलेले. परत आलो, तर टेकडीच्या पायथ्याशी, आम्ही नुकतेच गेलो त्याच वाटेवर, एक ताजी डहाळी आडवी पडलेली. तुटल्या जागी अजून ओल होती.

"घरी मोटारीनं जा," सुकलूभाऊ एवढंच बोलले.

रुखमाबाई मात्र पिशवी घेऊन त्या वाटेकडे निघाल्या होत्या. "तुमी जा गाडीनं. मले त्यायच्याच संगं जायचं हाय."

मी त्यांचा उजवा हात घट्ट धरला. "नका जाऊ. मले दुसरी माय नाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या आणि निमूट आल्या. गाडीत चढताना उजवा हात माझ्या हातात होता. डावं कोपर मात्र अंगापासून वेगळं, जरासं उचललेलं... कोणी आधार दिला की राहतं तसं.

रिना त्यांच्या डाव्या बाजूला बसायला लागली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "जरा सरकून बस, पोरी. तिले बी बसू दे."