हाताचा वास

"आई, तू नको ना येऊस... मी एकटी जाते," सृष्टी दाराला टेकून पुन्हा तेच म्हणाली, आणि मोरीत बसून लिंबाच्या फोडीनं नखं घासणाऱ्या सविताचा हात जागच्या जागी थांबला. पण क्षणभरच. पोरगी लाजत असेल, दुसरं काय! आईवर लिहायचं आणि आईसमोर मान खाली घालायची, हे वयच तसलं, असं स्वतःशी म्हणत तिनं नवी फोड उचलली.

कितीही घासलं तरी तो वास काही जायचा नाही. राहुरीच्या हमरस्त्यावर एक मटण खानावळ होती, तिच्या मागच्या पत्र्याखाली बसून बोकडाची वजडी साफ करायची, हे तिचं काम. उकळत्या पाण्यात बुडवायची, चुना चोळायचा, वरचा काळा पापुद्रा सुरीनं खरवडायचा, मग आतडी उलटी करून आतला शेणाचा लगदा धुऊन काढायचा. पुढं पंख्याखाली बसून रस्सा ओरपणाऱ्यांना एकदा मागं आणून उभं केलं असतं, तर निम्मे ताटावरून उठून पळाले असते. पण नवरा टेम्पोच्या अपघातात गेला, भावकीनं पाठ फिरवली, आणि पदरात एवढीशी पोर... तेव्हा सविताला दुसरं काम कुणी दिलं नाही.

त्या पोरीचं लेखन आज पुस्तकात येणार होतं. गावात 'शाईघर' नावाची एक संस्था होती. शाळकरी पोरापोरींना तिथं लिहायला बसवायचे, चित्रं काढून घ्यायचे, आणि वर्षाकाठी त्यांचं पुस्तक काढायचे. संस्थेच्या रुमानाताईंचा एक नियम मात्र कडक होता. घरच्या माणसाबद्दल लिहिलं असेल, तर ते आधी त्याला वाचून दाखवायचं, आणि त्यानं हो म्हटलं तरच पुस्तकात ठेवायचं. मागल्या वर्षी एका पोरानं बापाला न विचारता बापाची दारू लिहिली, तर ताईंनी छापून आलेल्या प्रत्येक पुस्तकातून ते पान ब्लेडनं कापून काढलं होतं. पोरगं ढसाढसा रडलं, पण ताई बधल्या नाहीत.

सृष्टीनंही आईला वाचून दाखवलं होतं. सविता चुलीपुढं शेंगदाणे भाजत होती, सृष्टी भाकऱ्या थापत होती, आणि मध्येच पिठाचे हात झटकून तिनं कागद उचलला होता. माझी आई म्हणजे देवघरातली समई, माझी आई म्हणजे मायेचा सागर... ऐकता ऐकता सविताचं अंतःकरण भरून आलं, शेंगदाणे करपले, तरी तिला भान राहिलं नाही. कष्टाचं चीज झालं म्हणायचं. नववीत गेल्यापासून पोरीनं भाकऱ्यांचं काम आपणहून अंगावर घेतलेलं. आईचे हात दुखतात हे तिला कळायला लागलं, म्हणून सविता चारचौघींत किती मिरवायची!

त्याच तोऱ्यात तिनं झाडून साऱ्यांना आवतण दिलं होतं. खानावळीतल्या बायका, गल्लीतल्या बायका, आणि जिची जरीची साडी मागून आणली ती शेजारची झुंबरबाईसुद्धा. सगळ्या शाईघरात पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

शाईघराची आणखी एक रीत होती. प्रकाशनाच्या दिवशी पोरांचं लेखन आईबापानं स्टेजवरून वाचायचं. सविता सातवी शिकलेली. पुस्तक हातात आल्यावर तिनं ते आधी कपाळाला लावलं, मग ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"मला आईच्या हातांची किळस येते."

समईचं वाक्य पुढं असेल, असं तिला वाटलं. तिनं बोट खाली सरकवलं.

"ती बोकडाची आतडी धुते. घरी आल्यावर लिंबानं हात घासते, पण वास जात नाही. झोपताना ती माझ्या केसांवरून हात फिरवते, तेव्हा मी झोपेचं सोंग घेते आणि श्वास रोखून धरते..."

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. खानावळीतल्या बायका खाली बघायला लागल्या, आणि मागच्या रांगेतल्या शिकल्या-सवरल्या मंडळींत मात्र "काय धीट लिहिलंय" अशी कुजबुज सुरू झाली. धीट म्हणे! दुसऱ्याच्या घरातली घाण चव्हाट्यावर आली की असल्यांना अत्तराचा वास येतो.

पुढची ओळ सवितानं मोठ्यानं वाचली नाही, मनातच वाचली.

'नववीपासून भाकऱ्या मी करते. आईला वाटतं, मला तिची कणव येते. खरं तर तिच्या हातची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही.'

अरे देवा... तेवढ्या भाकऱ्यांच्या जिवावर ती इतके दिवस ताठ मानेनं जगली होती! एकाएकी तिला त्या झगमगीत साडीची, हारतुऱ्यांची, गल्लीभर बढाया मारणाऱ्या स्वतःच्या तोंडाचीसुद्धा शिसारी आली.

तिचा आवाज थांबलेला पाहून रुमानाताई जवळ आल्या. "सविताताई, हे तुम्हाला घरी वाचून दाखवलं होतं ना?"

सविताची नजर स्टेजच्या कडेला गेली. सृष्टी तिथं उभी होती, पांढरीफटक, ओढणीचं टोक दातांत धरून. एक 'न्हाई' म्हणायचा अवकाश, की ब्लेड फिरणार होतं. पोरीचं पहिलंवहिलं पान या सगळ्या बायकांसमोर कापलं जाणार होतं, आणि खोटारडी हा शिक्का कपाळी बसणार होता. बसू दे, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं... आईचं मन झालं म्हणून काय, तेही दुखावतंच की.

"व्हय," ती म्हणाली. "दाखवलं हुतं. ती भाकऱ्या थापत हुती तवा."

आणि तिनं ती भाकऱ्यांची ओळ वाचली. अडखळत, पण एक अक्षरही न गाळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. मग शेवटची ओळ आली.

"आई माझ्यासाठी हे काम करते, आणि मला तिची किळस येते. म्हणून मला माझीच किळस येते."

सविता त्या ओळीपाशी किती तरी वेळ बोट ठेवून उभी राहिली. हे दुखणं उराशी घेऊन पोर रोज तिच्याशेजारी निजत होती, आणि तिला पत्ता नव्हता. टाळ्या सुरू झाल्या, तसा तिनं हात वर केला.

"टाळ्या नका वाजवू. लेकरानं लिव्हलंय ते खरं हाय, पन एक गोष्ट तिला ठावं न्हाई." तिनं सृष्टीकडं पाहिलं. "मलाबी किळस येती. पयल्या दिशी मी पत्र्यामागं जाऊन भडाभडा वकले हुते. आजबी सकाळी पयलं आतडं हातात धरलं की पोटात ढवळतं. पोरीला सांगितलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता, म्हनून कधी बोलले न्हाई. माझ्या मुकाटपनापायी ती समजून बसली, की आसं वाटनारी ती एकलीच हाय."

सभा संपल्यावर जेवणाची पाकिटं मिळाली. मायलेकी संस्थेच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. सृष्टीला हुंदके आवरत नव्हते.

"आई, मी तुला खोटं वाचून दाखवलं... तू नाही म्हणाली असतीस म्हणून."

"म्हनलेच असते. तोंडात दिली असती वर." सवितानं पाकीट सोडलं. "ती समई बाकी लई भंगार हुती बग. मी उगंच शेंगदाने जाळले."

सृष्टी रडता रडता हसली. मग एकदम निर्धारानं पुढं सरकून म्हणाली, "मला घास भरव. आत्ता, तुझ्या हातानं."

"न्हाई. आसलं जुलमाचं नको. वकलीस तर साडी झुंबरबाईची हाय."

सृष्टीनं आईचा उजवा हात ओढून घेतला, नाकाशी नेला आणि या खेपेला श्वास न रोखता वास घेतला. तिचं नाक आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं.

"येतोय," ती म्हणाली.

"येनारच."

सवितानं हात सोडवून घ्यायला पाहिलं. पोरीनं सोडला नाही. मग दोघींनी उरलेल्या एकेका हातानं जेवण केलं, आणि सविताला डाव्या हातानं जेवावं लागलं.