कल्लोळ वाहिनीवरचा आवाज

“मॅडम, मेलेली पोरगी आमच्या चॅनलवर गाऊन राहिली.”

रविकांत एवढं बोलला आणि पाण्याचा ग्लास नुसताच हातात धरून बसला. अमरावतीत त्याची ‘कल्लोळ’ नावाची गाण्यांची वाहिनी होती. ती केबलवर दिसायची. कॉलेजची पोरं तिथे फर्माइश धाडायची, स्वतः गायलेली गाणी पाठवायची. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टीव्हीवर तीच लागलेली असायची.

“कोण पोरगी?” शकुनताईंनी विचारलं.

“इफ्फत. अकोल्याची. आमच्याकडे गायची. मागच्या हिवाळ्यात दर्यापूर रस्त्यावर एका पुलाखाली सापडली. जीव दिला, असं ठरलं. आता फर्माइश चालू असताना मधातच पडदा काळा होते अन् तिचा आवाज येते. हे गाणं आम्ही कधी रेकॉर्डच केलं नाही! दोन पोरी नोकरी सोडून गेल्या. पुष्कर, माझा प्रोड्यूसर, तापानं फणफणला.”

कोपऱ्यात बसलेल्या शेखरने खुर्ची आणखी मागे सरकवली. शेखर शकुनताईंचा मावसभाऊ. हार्मोनियमच्या शिकवण्या घ्यायचा आणि ताईंना खाजगी चौकशीचं काम मिळालं की त्यांची गाडी चालवायचा. ताई पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायच्या. त्यांच्यापुढे खोटं फार वेळ टिकत नसे. शेखरचं उलट होतं. त्याला कोणीही काहीही पटवून देऊ शके.

“ताई, हे आपलं काम नाही,” तो गाडीत म्हणाला. “मांत्रिकाचं आहे.”

“मांत्रिकाला केबलमधलं काय कळतं? चल.”

दुपारी दोघं कल्लोळच्या ऑफिसात टीव्हीसमोर बसले. काचेपलीकडे श्रावणी कॅमेऱ्यासमोर हसत, हातवारे करत नावं वाचत होती. कार्यक्रम तीच ठरवायची आणि तीच सादर करायची. रविकांत शेखरशेजारी उभा होता, पुष्कर दाराशी.

एक गाणं संपलं. श्रावणीने कार्यक्रमाचा आवाज ऐकायचं कानातलं बटण काढून टेबलावर ठेवलं, केस मागे सारले. आणि पडदा काळा झाला.

आधी टिकटिक आली. घाईघाईची, छाती धडधडावी तशी. मग आवाज. पातळ, कोवळा, कुठूनतरी फार लांबून आल्यासारखा.

«दिया ना बुझाना, मैं रस्ते में हूँ...»

शेखरने मोबाइलवर आवाज टिपून घ्यायचं बटण कसंबसं दाबलं. त्या आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. कोणी खरंच घराकडे निघालं असावं आणि वाट संपत नसावी, असा तो आवाज होता. रविकांत पुटपुटत देवाचं नाव घेत होता. पुष्कर दाराची कडी धरून उभा होता, डोळे मिटलेले.

आवाज थांबला. पडद्यावर श्रावणी परत आली. हसायला तिला जरा वेळच लागला.

चौकशी तिच्यापासून सुरू झाली.

“इफ्फत माझी मैत्रीण होती,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशी इथूनच गेली, खुशीत होती. बहिणीच्या सोयरिकीची खरेदी करायची म्हणाली. अशी पोरगी जीव देते काय? हे बघा, त्या दुपारचं आहे.”

तिच्या मोबाइलवर इफ्फत पेटी वाजवत गात होती. लांब बोटं, मोकळी मनगटं. शकुनताईंनी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला.

पुष्कर तिशीतला होता, गाल बसलेले. “इथून गेल्यावर मी तिला पाहिलंच नाही,” तो म्हणाला. “मी शनिवारी गावी जातो, दर्यापूरला. मोटारसायकलनं. त्या दिवशीही गेलो, एकटाच.”

“या गाण्याची एवढी भीती का वाटते?”

“तुम्हाला नाही वाटली? मागं तिच्या बांगड्या वाजतात, ते ऐकवत नाही.”

बाहेर आल्यावर शेखर म्हणाला, “ताई, मला बांगड्या नाही ऐकू आल्या. फक्त टिकटिक.”

“शेखर, तुझ्या डोक्याचं सांगता येत नाही, पण कान तुझा सोन्याचा आहे. गाडी अकोल्याकडे घे.”

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरल्यावर गाडी गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागली. इफ्फतच्या आईचं, हलीमाबींचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर लोलकाचं जुनं घड्याळ संथ, भारदस्त ठोके देत होतं. शेखर त्याच्याकडे बघतच राहिला. का, ते त्याचं त्यालाच कळेना.

“आओ, बैठो.” हलीमाबींचा आवाज जाड, खर्जातला होता. एके काळी लग्नघरी गायच्या, म्हणाल्या. इफ्फतला त्यांनीच शिकवलं.

“शेवटी घरातून निघाली तेव्हा हातात बांगड्या होत्या?” ताईंनी विचारलं.

“पेटी वाजवणाऱ्या पोरीच्या हातात बांगड्या कायच्या? खडखड होते म्हणे. कधी घातल्या नाही.” त्यांनी पदर नीट केला. “पण तिले आणली तवा मनगटात हिरवा काच रुतेल होता. बहिणीसाठी, तहरीमसाठी चुडा घेऊन येतो म्हणली होती. मापासाठी आपल्याच हातात घातला असन.”

“हे कोणाला सांगितलं?”

“कोणालेच नाही. तहरीमलेही नाही. लोक आधीच काय काय बोलत होते. चुड्याचं ऐकलं असतं तर तिचा पळून जाऊन निकाह लावला असता त्यायनं. जीव देणाऱ्या पोरीचं घर म्हणून तहरीमची सोयरीक तुटली. आमच्या दारात कोणी बसायले येत नाही आता.”

शकुनताई म्हणाल्या, “हलीमाबी, उद्या आमच्यासोबत अमरावतीले याल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी रविकांतच्या केबिनमध्ये सगळे जमले. हलीमाबींना पाहून श्रावणी दचकून उभी राहिली.

“बस,” शकुनताई म्हणाल्या. “शेखर, ते गाणं लाव. आणि वेग कमी कर.”

शेखरने मोबाइलवर बोट सरकवलं. पातळ आवाज खाली उतरू लागला. जाड झाला, थकला, म्हातारा झाला. घाईची टिकटिक रेंगाळली आणि हलीमाबींच्या भिंतीवरल्या जुन्या घड्याळाचे संथ ठोके झाली. शेखरचं तोंड उघडंच राहिलं. हलीमाबी मान खाली घालून बसल्या होत्या.

“हे भूत अकोल्याच्या घरात गायलं,” शकुनताई म्हणाल्या. “आईचाच आवाज. वेग वाढवला की लेकीसारखा होतो. पण त्यासोबत घड्याळही धावायला लागलं, ते लपवता आलं नाही. कार्यक्रमाच्या यादीत गाणं चढवलं श्रावणीनं. आवाज यायच्या आधीच तिनं कानातलं बटण काढून ठेवलं. काय येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ते जवळून ऐकवत नव्हतं.”

“हो,” श्रावणी म्हणाली. “इफ्फत दर्यापूरच्या रस्त्यावर गेली कशाला? अकोल्याची एसटी बडनेऱ्यावरून जाते. तिला तिकडे कोणीतरी नेलं होतं, आणि ते माणूस इथलंच असणार असं आम्हाला वाटायचं. नाव माहीत नव्हतं. वाटलं, भ्यायला तर बोलेल.”

“बोलला ना,” शकुनताई म्हणाल्या. “पुष्कर, या गाण्यात बांगड्या नाहीत. शेखरनं ऐकल्या नाहीत, मीही ऐकल्या नाहीत. इथे पेटी वाजवताना तिचे हात मोकळे होते. चुडा तिनं त्यानंतर बाजारात घेतला. तिनं बांगड्या घातल्या होत्या हे फक्त तिची आई आणि तिला उचलून आणणारे जाणत. आणि इथून गेल्यावर जो तिला भेटला, तो. तू म्हणालास, मी पाहिलंच नाही. मग बांगड्या कोणाच्या वाजतात तुझ्या कानात?”

पुष्करने आधी रविकांतकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात शेखर उभा होता. तो तिथे कधी जाऊन उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

“तिची एसटी चुकली होती,” पुष्कर हळू बोलू लागला. “मीच म्हटलं, दर्यापूरपर्यंत चल, तिथून जीपमध्ये बसवून देतो. मागं बसून गुणगुणत होती. पुलावर गाडी घसरली. मी कठड्याशी पडलो. ती खाली गेली.”

“मेली होती?” रविकांतने विचारलं.

पुष्करने नकारार्थी मान हलवली.

“जिवंत होती. हात वर करत होती. त्या बांगड्या... खालून वाजत होत्या. मला वाटलं, गाडीवर पोरगी, तीही परजातीची. लोक मला जिवंत सोडणार नाहीत. मी गाडी उचलली.”

“अन् फोन?” श्रावणी ओरडली. “नाव न सांगता एक फोन करता आला असता ना तुले!”

शकुनताईंनी पोलिसांना फोन लावला.

हलीमाबी उठल्या आणि पुष्करसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. त्या त्याला मारतील असं सगळ्यांना वाटलं.

“म्हणजे तिनं उडी नाही घेतली,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“हात वर करत होती. तवा काही बोलली?”

पुष्करने चेहरा झाकूनच ठेवला. तसाच म्हणाला, “अम्मी, म्हणाली. दोनदा.”

हलीमाबींनी मान डोलावली, जणू कोणी पत्ता सांगावा आणि तो आपल्याला ठाऊकच असावा.

“मी घरीच होती, बेटा,” त्या म्हणाल्या. त्याला की तिला, कोणालाच कळलं नाही. “आवाज द्यायचा होता कोणालेही. मी चालत आली असती.”