कललेली रेघ

"पट्टी घट्ट धर, बोहाई! श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

"मग मरू का, आजोबा?"

"रेघ संपल्यावर मर!"

वसंताच्या सुट्टीत रुओलान आणि तिचा धाकटा भाऊ बोहाई चीनमधल्या सूजो शहरातल्या एका जुन्या बागेत चित्रकार आजोबांच्या हाताखाली राबत होते. घर-बागेचं चित्र काढायची आजोबांची रीत ठरलेली. पहिल्या दिवशी पट्टीने कोळशाचा फिकट आराखडा. दुसऱ्या दिवशी कुंचल्याला बांबूची अर्धी नळी जोडायची, ती पट्टीच्या कडेने सरकवत शाईच्या रेघा ओढायच्या. पानं, फुलं, रंग मागाहून.

आजोबांनी भिंतीवर नजर ठेवून ओढलेली रेघ उमटली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तळ्याकाठच्या उंच भिंतीची कोळशाची रेघ ताठ उभी होती. शाईची मात्र तिच्यापासून ढळलेली!

"हात गेला माझा," ते पुटपुटले. "आता कुंचला ठेवून देतो."

रुओलान कागदावर वाकली. हात थरथरला असता तर रेघ नागमोडी आली असती. ही तर सरळसोट, फक्त कललेली!

"आजोबा, तुम्ही आज दिसलं तेच काढलंत! कालपासून भिंतच कलली असेल!"

तिने दोरीला शाईची वडी बांधून डोळ्यांसमोर लोंबती धरली. दोरी एकीकडे, भिंत दुसरीकडे! पायथ्याशी गढूळ पाणी बुडबुडत होतं. बागेचे कारभारी च्येनकाका यांनी माशांसाठी तळं खोल करताना भिंतीचा पायाच उकरला होता. आणि त्याच भिंतीखाली शेजारपाजारच्या अकरा आज्या चहाला बसल्या होत्या!

"काका, भिंत पडतेय!"

"दीडशे वर्षं उभी आहे! तुमच्या सुट्टीची वाट बघत होती काय? चला, पळा इथून, खेळा जा!"

वरून एक कौल निसटलं. डुबुक! तळ्यात बुडालं. पक्षी एकदम गप्प झाले. आज्यांच्या गप्पा मात्र चालूच!

"ताई, ओरडून या हलणार नाहीत," बोहाई कुजबुजला.

रुओलान बाकावर चढली. "आजोबा चित्रात माणसं काढतायत हो! जी तळ्यावरच्या पुलावर उभी राहील तीच चित्रात!"

काय सांगावं! काठीवाल्या मेइआजी सगळ्यांत पुढे! मागोमाग च्येनकाका, "मला मधे घ्या!" म्हणत.

शेवटचा पाय पुलावर पडला आणि भिंत कोसळली. चहाची टेबलं विटांखाली दिसेनाशी झाली. कितीतरी वेळ नुसती धूळ.

"माझीच चूक," च्येनकाकांनी हात जोडले. "पोरांनो, तुम्ही नसता तर..."

"डोळे आहेत पोरीला!" मेइआजींनी तिचा गाल कुरवाळला. मग एकदम कपाळाला आठ्या. "पण चित्राचं काय? ती थापच होती?"

आजोबांनी कुंचला शाईत बुडवला.

"थाप कसली? हलू नका कुणी!"