केतकीची पहिली आमटी

सुलभाताईंनी कुकरचं झाकण काढलं आणि सव्वीस वर्षांनी त्या घरात तुरीच्या डाळीचा वास पसरला.

त्यांची लेक केतकी टेबलाशी बसून होती. दंडावर नखाएवढी चकती. रक्तातलं ल्युसिन मोजून ती चकती दर पाच मिनिटांनी मोबाइलवर आकडा दाखवी.

ल्युसिन म्हणजे प्रथिनांतलं, फांदी फुटलेल्या साखळीचं एक अमिनो आम्ल. स्नायूंना ते लागतंच. बांधकाम सुरू करा, हा निरोप पेशींना तेच पोचवतं. पण वापरून उरलेलं मोडून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, केतकीच्या शरीरात जन्मापासून नव्हतं. साचलं की ते मेंदूवर चढे. तान्ही असताना तिच्या दुपट्याला काकवीसारखा वास यायचा. सगळ्यांना त्याचं कौतुक. आठव्या दिवशी पोर निपचित पडली, तेव्हा त्या वासाचा अर्थ कळला.

मग डाळ, दूध, अंडी बंद. भातही ग्रॅमवर तोलून. लग्नाच्या पंगती केतकीला अजून आठवत. शेजारी जिलब्या, मठ्ठा वाढला जाई आणि आई घरून आणलेला डबा उघडे. दोघी त्यातलंच खात; घरीही आई तेच जेवे.

चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात डॉ. मुजावरांनी केतकीच्याच यकृतातल्या काही पेशी काढल्या, त्यांच्यातली जनुकाची चूक दुरुस्त केली आणि त्या परत यकृतात पेरल्या. त्या रुजल्या का, हे आज कळणार होतं.

"एकच वाटी," डॉक्टर फोनवरून म्हणाले. "आकडा तीनशेच्या वर गेला तर लगेच निघा. मी इथेच आहे."

केतकीने आमटी भुरकली. "आंबट आहे," ती म्हणाली आणि वाटी संपवली.

एकशेचाळीस. एकशेनव्वद. दोनशेबारा. सुलभाताई गाडीची किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या. दोनशेबारावर आकडा बराच वेळ थांबला. मग दोनशेपाच झाला, मग एकशेऐंशी.

"पेशी रुजल्या, सुलभाताई," आकडा ऐकून डॉक्टर फोनवर म्हणाले. "आता हळूहळू सगळं खाऊ दे तिला."

सुलभाताई खुर्चीत बसल्या. केतकीने त्यांच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली.

"आई, रात्री तुझ्या आवडीचं करू. काय करू?"

"साबुदाण्याची पेज टाक."

"ते माझं पथ्याचं जेवण झालं. तुला काय आवडतं?"

सुलभाताईंना आजऱ्याचं माहेर, चुलीवर रटरटणारं कुळथाचं पिठलं, तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी आणि तिसऱ्यांदा वाढून घेणारी, वेणी पुढे घेतलेली एक मुलगी दिसली.

"कुळथाचं पिठलं फार आवडायचं," त्या हळूच म्हणाल्या. "पण आता मला ते आवडेल का गं?"