सात वीर, एकच उजवा हात

भैरवकड्यावर उजाडले ते धुक्यात. बुरुज दिसत होते, पण ज्या कड्यावर ते उभे होते तो कडाच दिसत नव्हता, आणि पायथ्याच्या सात गावांचे पाटील त्या अधांतरी गडाकडे पाहत निमूट वर चढत होते. सरकार निपुत्रिक वारले होते. अशा वेळी सातही पाटलांनी सदरेवर यावे, दावेदाराचा पोवाडा ऐकावा आणि ज्याला धनी मानायचे त्याच्यापुढे बेलभंडार ठेवावा, अशी या मुलखाची रीत. दावेदार दोन: सरकारांचे चुलते रंभाजीराव आणि विधवा सगुणाबाईसाहेब.

पारडे रावांचे जड होते, आणि ते जड करणारे गृहस्थ म्हणजे कारभारी त्रिंबकपंत. कोणाचे दुःख कोणत्या भावाने खपते हे त्यांना तोंडपाठ. गेल्या साली खिंडीत गनिमाशी गाठ पडली, सात गावांचे सात गडी पडले आणि राव धडधाकट परतले. पंतांनी येसू शाहिराकडून पोवाडा रचवून घेतला, की राव खिंडीत ठाण मांडून लढले आणि त्यांच्या उजव्या हाताला एक वीर पडला. वीराच्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली. ज्या गावात डफ वाजेल त्या गावचा गडी तिथे घालायचा. नाव येताच त्याच्या घरचे माणूस उभे राही, रावांचा शेला घेई, आणि अख्खे गाव रडत रडत रावांचे होई. आंबेघरात हैबती पडला, कोंढवीत त्याच जागी सुभान पडला.

सदरेवर सातही गावे एकत्र बसणार, हे मात्र पंतांच्या ध्यानात आले त्या पहाटे.

"शाहीर, आज नावाचं कडवं गाळा."

"गाळू कसं, पंत? सातही घरची माणसं शेले पांघरून पुढं बसलीत."

"मग घसा बसला म्हणा. नाहीतर आम्हाला बसवावा लागेल."

शाहीर सदरेची पायरी चढतो तोच हैबतीची विधवा तुळजा आडवी आली.

"दादा, धन्याचं मढं म्या धुतलं. नखांत दाराच्या लाकडाची कुसळं व्हती. खिंडीत कुठलं आलंय दार?"

शाहिराला तिच्याकडे पाहवेना.

सदर भरली. रावांचे दोन धारकरी शाहिराच्या पाठीशी येऊन उभे राहिले. खिंडीचे कडवे आले.

"उजव्या हाताला हैबती पडला!"

तुळजा उठली. एकच नाव आले म्हणून पंतांनी श्वास सोडला. पण शाहीर थांबला नाही.

"उजव्या हाताला सुभान पडला!"

सुभानाची आई उठली. मग तिसरे नाव, चौथे. धारकऱ्याच्या कट्यारीचे टोक पाठीला टेकले तरी त्याचा आवाज चढतच गेला, आणि सात शेले सदरेवर उभे राहिले.

कोंढवीचा म्हातारा पाटील खाकरला. "राव, उजवा हात सातांनी अडवला म्हणता. मग तलवार कोणत्या हातात होती?"

कोणीतरी हसले, तेवढ्यात तुळजा बोलू लागली.

"माज्या धन्याच्या नखांत दाराचं लाकूड व्हतं."

"सुभानाच्याबी," त्याची आई म्हणाली.

"आमच्याही," तिसऱ्या शेल्याखालून आवाज आला.

आजवर प्रत्येक घर आपापले मढे जाळून गप्प बसले होते.

"गनीम त्यांच्या पाठीवर होता!" रंभाजीराव गरजले. "दार उघडलं असतं तर गड गेला असता!"

बोलून गेल्यावर त्यांना कळले, की ते दार गडाचे होते असे कोणी म्हटलेच नव्हते.

सातही पाटलांनी बेल बाईसाहेबांपुढे ठेवला. रावांच्या पायांत बेड्या पडल्या. पंतांच्या मात्र नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बाईसाहेबांचा शेला घेऊन शाहिराच्या दारी आले.

"नवं कडवं हवंय. बाईसाहेब धावल्या, अडसराला हात घातला, रावांनी त्यांना मागं ओढलं."

"बाईसाहेब तेव्हा माहेरी होत्या, पंत."

"असतील. पण त्या दाराच्या आत आपलं कोणीतरी होतं, असं लोकांना वाटायला हवं."

"माझ्या डफावर नाही व्हायचं ते."

पंतांनी शेल्याची घडी नीट घातली. "बरं," ते अगदी मायेने म्हणाले.

पुढच्याच पंधरवड्यात आंबेघरात नवा शाहीर आला. बाईसाहेबांनी अडसराला हात घातला तशा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तुळजा उठली, लोकांना वाटले, शेला घ्यायला.

"येसूदादा कुठं हाय?" तिने विचारले.

नव्या शाहिराने तिच्याकडे पाहिलेच नाही. त्याने मागे वळून झीलकऱ्यांना खूण केली, आणि ते आवाज चढवून गाऊ लागले.