अडतीस की अठ्ठावीस

मी कपाटाशी बोलत होते.

सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटालाच समिती समजून माझी तालीम चालली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सावकाश बोला... कपाटाला कळेल, पण मला लिहिता येणार नाही."

वळून पाहिलं. हातात वही, कानामागे पेन्सिल. समितीचा लघुलेखक होता तो. साक्षीदाराच्या तोंडचा शब्द न् शब्द उतरवून घेणारा.

"इतकी घाबरलेली दिसते का मी?"

"छे. कपाट जास्त घाबरलंय."

हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना सरकारी खर्चानं दोन वर्षं तयार करणारी योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, हे आत ठरणार होतं. मी त्याच योजनेतली. त्याआधी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. बाबा गेल्यावर घर माझ्यावर आलेलं. योजना नसती, तर वर्गात उभं राहणं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

आत पाच मिनिटं बोलले. कशी बोलले, देव जाणे!

चार दिवसांनी सहीसाठी बोलावणं आलं. टंकलेली पानं माझ्यापुढे ठेवून तो खिडकीशी उभा राहिला. बाहेर पावसाची भुरभुर. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. 'आमच्या तुकडीतले चाळीसपैकी अडतीस जण आजही शिकवत आहेत...'

"हे अठ्ठावीस हवं होतं."

"तुम्ही अडतीसच म्हणालात."

"जीभ घसरली हो! एवढं बदलून टाका ना."

"मला एक अक्षरही बदलता येत नाही," तो हळूच म्हणाला. "सही केलीत, तर हे असंच पुढे जाईल. नाहीतर उद्या समितीपुढे उभं राहून दुरुस्ती सांगायची."

अडतीसनं योजना तरली असती. अठ्ठावीसनं...? मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"तुम्ही काय केलं असतंत?"

"मला नका विचारू." मग खिडकीकडे वळून — "सही केलीत, तरी मी कुणाला सांगणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

त्यानंच माझा हात अडला. माझं खोटं त्यानं जन्मभर सांभाळावं — नको. मी टोपण लावलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सांगितलं, "बारा जण सोडून गेले."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "का गेले?"

मग कागदावर नसलेलं सगळं बाहेर पडलं. गणितवाल्याला खेळाचे तास दिले होते. रसायनवालीच्या शाळेत साधी परीक्षानळी नव्हती. एकजण वर्षभर एकटाच झुरला आणि परत वडिलांच्या दुकानात जाऊन बसला. "आम्हांला शिकवून पाठवलंत," मी म्हणाले, "पण नंतर कुणी फिरकलंच नाही."

महिना गेला. एका दुपारी मी वर्गात आरसे शिकवत होते, तर दारात तो! तीन बस बदलून आलेला, बूट चिखलानं भरलेले. मुलं त्याला तपासनीस समजून ताठ बसली. घंटा होईपर्यंत तो मागच्या बाकावर मुकाट्यानं बसून राहिला.

"योजना राहिली," वर्ग रिकामा झाल्यावर तो म्हणाला. "जागा निम्म्या केल्या. पण शिकून गेलेल्या प्रत्येकाकडे तीन वर्षं कुणीतरी जाणार... विचारपूस करायला."

निम्म्या. म्हणजे माझ्यासारखी कुणीतरी आता भिंगंच घासत राहणार. माझे डोळे भरून आले. त्यानं समजूत घातली नाही. नुसता फळ्याकडे तोंड करून उभा राहिला — मला हवा तेवढा वेळ.

"हे पत्रानंही कळवता आलं असतं," शेवटी मी म्हटलं.

"आलं असतं."

"मग?"

"मी दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहितो. स्वतःचं बोलायची सवय नाही..." त्याचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी तुम्ही सही न करता उठलात ना — तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तुम्ही मला आवडता. झालं, बोललो."

मी हातांवरचा खडू झटकत राहिले, झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"परतीची बस कितीची?"

"साडेपाचची."

"शेवटची सातला असते," मी म्हटलं. "घर जवळच आहे. पण आई प्रश्न फार विचारते हं. सगळ्यांची उत्तरं द्यावी लागतील."

"लिहून दिली तर चालतील?"

"नाही. तोंडीच."