रंग छान निवडलेत

"ग्रंथालय पलीकडे आहे," दारातच त्याने सांगितलं.

"आणि कम्प्युटर लॅब?"

"ही काय, हीच—" तो अडखळला. चष्म्यामागचे डोळे आधी तिच्याकडे, मग तिच्या ओळखपत्राकडे... आणि कानाच्या पाळ्या लालबुंद! आत पोरांचा नुसता गलका. मुलगी एकही नाही. त्याने गुपचूप आपल्या शेजारची खुर्ची रुमालाने पुसली. तीही गालातल्या गालात हसत बसली.

तेव्हापासून तो तिचा 'चष्मिस' झाला. बाकीची पोरं तिला 'मॅडम, मॅडम' म्हणून डिवचायची, माऊससुद्धा हाती लागू द्यायची नाहीत. हा मात्र कीबोर्ड तिच्याकडे सरकवायचा.

"माझ्याकडे काय बघतोस? स्क्रीनकडे बघ."

"स्क्रीनवर चुका सापडतात... तुझ्यात सापडत नाहीत."

"पुरे हं लाडीगोडी!" ती फटकारायची. घरी जाताना मात्र तेच वाक्य मनात घोळवत राहायची.

शेवटच्या वर्षी दोघांनी मिळून दवाखान्यातल्या रुग्णांची रांग लावणारा प्रोग्रॅम केला. कोड सगळा तिचा; रंग, बटणं, सजावट त्याची. तोंडी परीक्षेत मात्र सरांनी एकूण एक प्रश्न त्यालाच विचारला. ती बोलायला गेली, की "थांबा, त्याला सांगू द्या." शेवटी तिच्याकडे वळून म्हणाले, "रंग छान निवडलेत हं तुम्ही!"

सगळे हसले. आणि... चष्मिसही हसला.

जिन्यात तो धापा टाकत तिच्यामागे आला. "अगं, घाबरून हसलो गं! तोंडातून शब्दच फुटला नाही. चल, आत्ता जाऊन सांगतो सरांना."

"नको. तू आलास तर पुन्हा तुलाच विचारतील."

"मला तू आवडतेस—"

"माहितीये." ती परत वर चढू लागली. "सकाळी म्हणाला असतास, तर 'हो' म्हटलं असतं मी."

ती एकटीच आत गेली. "सर, कोड मी लिहिलाय. प्रश्न मला विचारा." सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ते विचारत गेले, ती सांगत गेली. अखेर त्यांनी तिचे गुण खोडून नव्याने लिहिले.

बाहेर तो कठड्याला टेकून उभाच होता. "काय झालं?"

सांगायला किती होतं! आणि सांगावंसं वाटत होतं, तेही त्यालाच...

"झालं नीट," एवढंच म्हणून ती जिना उतरू लागली. वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बघितलंही नाही. फक्त खालच्या पायरीवर पाऊल क्षणभर थबकलं... त्याने हाक मारली असती, तर?

त्याने मारली नाही.